मधला दगड

यंदा डबा आला नाही.

जून संपत आला. मस्कतमध्ये, वादी कबीर भागातल्या आमच्या गल्लीत मल्याळी भाजीवाल्याने दारातच रुतबच्या पेट्या मांडल्या आहेत. रुतब म्हणजे झाडावरून नुकता उतरवलेला ओला खजूर, देठाकडे पिवळा आणि टोकाला तपकिरी, जरा दाबला की सालीतून बाहेर येणारा. शाळेच्या बसेस बंद झाल्यात. समोरच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं मुलांना घेऊन गावी गेली आणि त्यांच्या गॅलऱ्यांतल्या दोऱ्या रिकाम्या लटकताहेत. हवा इतकी दमट, की घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्याची काच पांढरी होते. दर वर्षी याच दिवसांत किनाऱ्यावरच्या सहम गावाहून एक पांढरा, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा येतो. कधी कुणा ड्रायव्हरबरोबर, कधी देणारा स्वतः घेऊन. चार उन्हाळे तो डबा आला आणि चारही उन्हाळे मी त्याला घाबरलो. यंदा आला नाही, तर रोज संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की मी कान टवकारून बसतो. बायको म्हणते, विकत आणा ना मग. तिला वाटतं मुलीसाठी मला खजूर हवाय.

तेलाचे भाव पडायच्या आधीचा तो उन्हाळा. सगळीकडे रस्ते निघत होते आणि आमच्यासारख्यांना मरायला फुरसत नव्हती. मी मोजणीवाला. डिप्लोमा करून भंडाऱ्याहून इथे आलेला, तीन पायांचं मशीन खांद्यावर टाकून उन्हात हिंडणारा सर्व्हेअर. पण इथले लोक सरसकट मुहंदिस म्हणतात, म्हणजे इंजिनियर, आणि मीही कधी ‘नाही हो’ म्हटलं नाही. ऑफिस सोहारच्या औद्योगिक वसाहतीबाहेर एका पत्र्याच्या केबिनमध्ये, राहायला सहममध्ये एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. पहाटे साडेचारला उठायचं, पाचला साइटवर. दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी. ते तीन तास गाडीच्या सावलीत आडवं पडून काढायचे. पश्चिमेकडून गरम वारा सुटायचा आणि दातांत वाळू करकरायची. पाण्याची बाटली पिता पिता कोमट व्हायची. त्या उन्हाळ्याची चव विचाराल तर वाळू आणि कोमट प्लॅस्टिक.

जागा सहमपासून पाऊण तास आत, डोंगराच्या बाजूला, एका वादीच्या काठावर. वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. वर्षात चार दिवस पाणी, बाकी सगळे गोटे. काठाला लागून एक बुटकी टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर दगडी थडगी. चपट्या दगडावर चपटा दगड रचून, मध्ये चुना नाही, माती नाही, गोल, छातीइतकी उंच. काही ढासळलेली, काही अजून खणखणीत. हजारो वर्षांपूर्वीची म्हणे. कुणी बांधली, आत कोण होतं, कुणाला ठाऊक नाही. टोप्या घातलेले संशोधक साहेब तिथे गुडघ्यांवर बसून ब्रशने धूळ झाडायचे आणि प्रत्येक दगडाला चिठ्ठी लावायचे. आम्हाला सक्त ताकीद होती, की वर एक चीपसुद्धा हलता कामा नये. मी तिथे मशीनचे पाय टेकवतानासुद्धा आधी खाली वाकून बघायचो.

टेकडीच्या पायथ्याशी, वादीच्या बाजूला, गावाचं कबरस्तान होतं. रस्ता टेकडी आणि वादी यांच्या मधून जायचा होता, म्हणून त्याला वळण देऊन कबरस्तानाभोवती भिंत घालायची आणि त्यासाठी प्रत्येक कबर मोजून नकाशावर आणायची, असं ठरलं होतं. या खालच्या जागेबद्दल मला कुणी काही ताकीद दिली नव्हती. तिथे दिसायलाही काही नव्हतं. नाव नाही, तारीख नाही, सिमेंट नाही, फुलं नाहीत. इकडे कबरीवर नाव कोरत नाहीत. मेल्यावर शेख आणि गुराखी सारखाच. डोक्याशी एक उभा दगड, पायाशी एक. पलीकडे खडी आणि वारा.

मी मशीनमध्ये तसाच साचा बनवून घेतला. प्रत्येक कबरीचे दोन बिंदू, डोकं आणि पाय. मिलिमीटरपर्यंत.

दगडांचं आणि आमच्या घराण्याचं नातं जुनं आहे. माझा आजा गावकीत होता. गावाच्या शिवेवरचे दगड आमच्या लोकांच्या ताब्यात असायचे, म्हणजे मालकीचे नव्हे, माहितीचे. दोन गावांत हद्दीवरून जुंपली की आज्याला बोलावणं यायचं. त्याला पाटलाच्या ओसरीवर चढायची मुभा नव्हती, खाली उन्हात उभा राहायचा. पण तो ज्या दगडाकडे बोट दाखवेल तो शिवेचा दगड. मग दोन्ही गावं मुकाट्याने घरी जायची. पुढे धम्म घेतल्यावर त्याने गावकीची काठी टाकली ती टाकलीच. पण शेवटपर्यंत मला शेताच्या बांधावरून नेताना सांगायचा, हा खरा, हा कुणीतरी सरकवलेला. मी मोजणी शिकायला गेलो तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याला झाला होता.

तर त्या कबरस्तानात मला काही कबरींच्या मध्यावर, पोटाच्या जागी, तिसरा दगड दिसला. बेताचा, एका हातात मावेल असा. मला वाटलं, टेकडीवरून घरंगळून आलेले असतील, नाहीतर बकऱ्यांनी सरकवलेले. माझ्या साच्यात त्यांना जागा नव्हती. शिवाय मला दगड हवेच होते. त्या खडीत खुंटी ठोकली की डुलायची, वारा सुटला की आडवी व्हायची. तिच्याभोवती तीन-चार दगड रचून घट्ट करावं लागायचं आणि वरून लाल रंगाचा फवारा मारायचा, म्हणजे भिंत बांधणाऱ्याला लांबून दिसावी. मी हाताशी येणारे मधले दगड उचलत गेलो. अडीच दिवसांत काम संपवलं. संध्याकाळी गाडीकडे परतताना मागे वळून बघितलं, तर कबरस्तान कसं नीटनेटकं दिसत होतं. दोन दगड, दोन दगड, दोन दगड. मी स्वतःवर खूश झालो, हे आज सांगताना लाज वाटते.

त्या अडीच दिवसांत मजीदभाई नव्हते. मजीदभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. पंचवीस वर्षं ओमानात काढलेली. आमची गाडी चालवायचे, मशीनसमोर काठी धरून उभे राहायचे आणि अरबी बोलायची वेळ आली की माझी जीभ व्हायचे. मुलीचा निकाह लावायला गावी गेले होते. मोजणी सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी मिठाईचा पुडा घेऊन परत आले, मला साइटवर बर्फी भरवली आणि काठी घ्यायला खाली वाकले, ते तसेच थांबले.

“मेश्राम, हे लाल दगड कुठनं आणलेस?”

“इथलेच. कबरींवर मध्ये सुटे पडले होते.”

“किती उचललेस?”

“चौदा. का हो?”

मजीदभाईंनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. मग खडीतच उकिडवे बसले.

“सुटे नव्हते रे बाबा. दोन दगड म्हणजे पुरुष. तीन दगड म्हणजे बाई. नाव नाय, गाव नाय, तेवढीच एक खूण असते तिची. तू बायका उचलल्यास.”

पुढचे तीन दिवस आम्ही दोघे गुडघ्यांवर होतो. दगड जिथे वर्षानुवर्षं बसलेला असतो तिथली खडी जरा खोल असते, रंगाला फिकी असते. वाऱ्याने त्यावर धूळ भरली होती, पण बोटांना ती जागा लागते. मजीदभाई डोळे मिटून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, इथे ठेव. ठेवताना दर वेळी पुटपुटून माफी मागायचे, माझ्या वतीने. बहुतेक दगडांची रंगाची बाजू आम्ही खाली करून ठेवली. तेरा दगड परत गेले. चौदावा हातात राहिला. दोन फवारे बसल्यामुळे तो सगळीकडून लालभडक होता.

तो कुठचा, हे मला अर्धवट माहीत होतं. वादीच्या काठाला पाच कबरींची एक वेगळी रांग होती, एकाच घरच्यांची वाटावी अशी. रांगेच्या एका टोकाला गाफचं, म्हणजे आपल्या शमीचं, झाड, दुसऱ्या टोकाला वादीचा कडा. या रांगेतल्या टोकाच्या कबरीवरून मी तो उचलला, एवढं पक्कं आठवत होतं, कारण मी रांगेची मोजणी टोकाकडूनच सुरू करतो. कोणत्या टोकाच्या, ते आठवेना. पाचही कबरींवर आता दोन-दोन दगड. झाडाकडच्या कबरीवर मी मशीन मांडताना सगळी खडी तुडवली होती, आणि कड्याकडच्या कबरीवर वाऱ्याने बारीक वाळूचा थर दिला होता. बोटांना काही लागेना. फोटो काढून पाहिले. सूर्यासमोर उभं राहून काढलेले, नुसत्या काळ्या आकृत्या. मशीन उघडलं. त्यात प्रत्येकीचं डोकं होतं आणि पाय होते. मी जे विचारलंच नव्हतं ते त्याला कुठून ठाऊक असणार!

“गावात जाऊन सांगू या,” मजीदभाई म्हणाले. “चूक झाली म्हणू. माणसं चांगली हायत.”

मी म्हटलं, उद्या. कंपनीला कळलं तर परतीचं तिकीट हातात देतील, ही एक भीती होती. पण खरं सांगायचं तर लाज जास्त होती. टेकडीवरच्या, कुणाच्याच नसलेल्या थडग्यांपाशी मी श्वास रोखून वावरत होतो आणि ज्यांची माणसं अजून जिवंत होती तिथे मी खुंट्यांसाठी दगड गोळा केले होते. उद्या म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच खमीस आले.

खमीस म्हणजे त्या पाच कबरींच्या घरातला म्हातारा. सहमला खजुराची बाग होती त्यांची. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी, पांढऱ्या डगल्याची बाही कोपरापर्यंत वर केलेली आणि तिथे पट्टी. मूत्रपिंडं निकामी झाली होती, एक दिवसाआड सोहारला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागायचं. धाकट्या मुलाने, सईदने, त्यांना पिकअपमधून आणून सोडलं आणि तो पाण्याचा कॅन आणायला मागे गेला. म्हाताऱ्याच्या हातात झावळ्यांची परडी होती, तिच्यात रुतब. ते काठीने चाचपत रांगेसमोर आले. मग मजीदभाईंशी बोलायला लागले आणि मजीदभाई मला तुकड्यातुकड्याने सांगत गेले.

आई गेली तेव्हा ते लहान होते, मोठ्या बहिणीने वाढवलं. बहीण लग्न होऊन सीमेपलीकडे अल ऐनला गेली. कबरस्तानाची जुनी वाट वादीतून होती, ती पुराने खाल्ली, आणि डोळे गेल्यापासून त्यांचं येणंही सुटलं होतं. पूर्वी यायचे तेव्हा काही मोजायची गरजच नव्हती, पाचांत तिसरा दगड एकीलाच. आज दुसऱ्या बाजूने आल्यावर डावं-उजवं कळत नव्हतं, आणि सगळीकडे दोनच दगड कसे दिसतात? डोळ्यांचा दोष की पुराने नेला? आणि त्यांना एक मागायचं होतं. दिवस फार उरले नाहीत, असं डॉक्टर सांगत नसले तरी त्यांना कळत होतं. भिंत घालताना आईच्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडा.

“मुहंदिस,” ते माझ्याकडे वळून म्हणाले, आणि पुढचं मला मजीदभाईंच्या आधीच समजलं. “माझी आई कोणती?”

माझी आई त्याच्या आदल्या ऑक्टोबरात गेली होती. रजा, तिकीट, मुंबईहून पुढचा प्रवास. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. भावाने अस्थी वैनगंगेत सोडल्या होत्या. थांबायला हवं होतं रे, एवढंच मी त्याला म्हणालो, आणि तो म्हणाला, किती थांबणार? त्याचंही बरोबर होतं. काठावर उभं राहून मी विचारलं, कुठे सोडल्या? त्याने पाण्याकडे हात केला, असा पसरून. एवढ्या मोठ्या नदीत नक्की कुठे बघायचं ते मला कळेना. या म्हाताऱ्याला साठ वर्षं बघायला एक जागा होती, आणि ती मी एका खुंटीपायी घालवली होती. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेनात.

“झाडाकडची,” मी म्हणालो.

मजीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. “नक्की?”

“सांगा त्यांना. मशीनमध्ये आहे म्हणावं.”

“आयक, तुझं बोलणं मी पोचवीन. पण त्यांनी शपथ मागितली, तर ती माझ्या तोंडून जाणार नाय.”

शपथ त्यांनी मागितली नाही. मशीनमध्ये आहे हे ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा सैल पडला. मी गाडीतला लाल दगड आणून दिला, मोजणीसाठी उचलला होता म्हणालो. तेवढंच त्यातलं खरं. त्यांनी दगड डोळ्यांशी नेला आणि रंग पाहिला. सईदने कॅनमधून पाणी ओतलं, आणि म्हाताऱ्याने खजुराच्या काथ्याने तो दगड घासायला घेतला. मी घासतो म्हटलं तर कोपराने मला बाजूला सारलं. धाप लागेपर्यंत घासला. वरचा रंग गेला, भोकाभोकांतला राहिला. मग स्वतःच्या हाताने तो दगड झाडाकडच्या कबरीच्या मध्यावर ठेवला, दाबून बसवला, सलाम केला आणि शेजारी मांडी घालून कितीतरी वेळ खालच्या आवाजात बोलत राहिले. मजीदभाईंनी त्यातलं काही मला सांगितलं नाही.

निघताना त्यांनी परडी पुढे केली. मी एक रुतब खाल्ला. फार गोड होता. त्यानंतर आजवर मी रुतब खाल्लेला नाही.

त्याच संध्याकाळी मी नकाशात दुरुस्ती केली. मंजूर भिंतीची लांबी ठरलेली होती. एका बाजूला सोडायचं तर दुसऱ्या बाजूने घ्यायला हवं. झाडाच्या बाजूला अडीच मीटर वाढवले, वादीच्या बाजूने अडीच मीटर कापले. तिकडे कडाच आहे, कुणाला काय फरक पडतो, असं कंपनीचे साहेब म्हणाले. सही झाली.

थंडीत खमीस गेले. सईदचा फोन आला तेव्हा मी साइटवरच होतो, तसाच गेलो. इथे सगळं झटपट असतं. न रडता, न थांबता, दुपारच्या आत माणूस मातीत. मी भिंतीबाहेर उभा होतो. नव्या भिंतीच्या आत, झाड आणि पहिली कबर यांच्या मधल्या माझ्या अडीच मीटरांत त्यांनी बापाला ठेवलं, दोन दगड लावले. सईदने बाहेर येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. बाबा शेवटी शांत होते, म्हणाला, आईजवळ जागा आहे म्हणून. मजीदभाई गाडीत बसून राहिले होते, काचा वर करून.

पुढच्या जूनमध्ये पहिला डबा आला.

मग तेलाचे भाव पडले, कंपनीने माणसं कमी केली, मजीदभाई कायमचे गावी गेले, मला मस्कतला ऑफिसात टेबल मिळालं. बायको आणि मुलगी आल्या, वादी कबीरमध्ये बिऱ्हाड झालं. डबा नवा पत्ता शोधत आला. मुलगी मिटक्या मारत रुतब खायची आणि तिच्या अडखळत्या मराठीत विचारायची, “बाबा, तू का नाही खात? इट्स सो गोड.” मी म्हणायचो, साखर आहे बेटा मला. नाहीये. एका खोट्याला किती पिल्लं होतात याची मोजणी करायचं मशीन अजून निघालेलं नाही. महिन्यातून एकदा आम्ही आपली चार-सहा घरं एकत्र येऊन वंदना घेतो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज खाली जातो. बायको म्हणते, एसीने घसा बसतो तुमचा.

सांगायला चार वर्षं होती. पहाटे गाडी चालवताना मी सगळी वाक्यं जुळवायचो. मग वाटायचं, कशाला? पन्नास टक्के शक्यता आहे की बरोबरच दाखवलं असेल. म्हातारा समाधानाने गेला, मुलांना समाधान आहे. मी खरं सांगून हलका होईन आणि त्यांना जड करीन. हा युक्तिवाद मला इतका आवडायचा की मी तो पुन्हा पुन्हा करायचो. आज्याने तो ऐकून घेतला नसता. त्याच्या शब्दाला जी किंमत होती ती शीव बरोबर सांगण्याची नव्हती. ठाऊक नसेल तेव्हा ‘ठाऊक नाही’ म्हणायची त्याला लाज वाटत नव्हती, त्याची होती.

गेल्या वर्षी सईद स्वतः डबा घेऊन आला. सोहारच्या वसाहतीत आपल्या लोकांबरोबर काम करून त्याचं हिंदी चांगलं झालंय. सोफ्यावर बसला, चहा घेतला आणि हसत हसत सांगायला लागला.

“मुहंदिस, एक मज्जे की बात सुनो.”

आदल्या बकरी ईदला अल ऐनहून त्याची आत्या आली होती. बापाला वाढवणारी तीच मोठी बहीण, काठीसारखी वाळलेली. भावाला सलाम करायला कबरस्तानात घेऊन चला म्हणाली. नेलं. तर ती भावाशी थांबली, सलाम केला आणि रांग ओलांडून थेट पलीकडच्या टोकाला, वादीकडच्या कबरीशी जाऊन बसली. आई, आई, म्हणायला लागली. आम्ही म्हटलं, आत्या, ती नाही, आजी इकडे, झाडाकडे. ती ऐकेना. म्हणाली, आई वादीकडे आहे, पूर आला की सगळ्यांच्या आधी आईला कळतं, असं बाबा आम्हाला सांगायचे. आम्ही म्हटलं, आत्या, मुहंदिसने मशीनने मोजलंय, बाबांना स्वतः दाखवलंय.

“फिर?” मी विचारलं. माझ्या हातातला कप बशीत ठेवला.

“फिर क्या! मशीन का नाम सुना तो बिचारी चुप. बोली, मैं बुड्ढी हो गई, आँख गई, दिमाग भी गया. उठके इधर आई.” झाडाकडच्या कबरीला हात लावून रडली. अम्मा, माफ कर, मी तुला विसरले, भलत्याच ठिकाणी बसले म्हणून. तो हसला. “हम लोग बहुत हँसे उस दिन.”

बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, अजून चहा देऊ का. मी उठलो, दार लावून घेतलं आणि सईदला सगळं सांगितलं. चौदा दगड, तेरा दगड, फोटो, मशीन. चार वर्षं जुळवलेली वाक्यं एकही कामाला आली नाहीत. तुटक, वेडंवाकडं हिंदी बोलत राहिलो. शेवटी म्हणालो, तुझी आत्या बरोबर होती, सईद. मला ठाऊक नव्हतं. मी अंदाजे बोट दाखवलं.

त्याने डब्याचं झाकण दाबून पाहिलं. मग एकच विचारलं.

“बाबा को मालूम था?”

“नहीं.”

“फूफी रमजान के पहले गुजर गई,” तो उठत म्हणाला. “उधर ही, अल ऐन में. अब उसको कौन बोलेगा?”

ओरडला असता तर बरं झालं असतं. चपला घातल्या, जिना उतरून गेला. मी गॅलरीतून बघितलं. पिकअप गल्लीतून मागे घेताना त्याने दोनदा गाडी भिंतीला घासली.

म्हणून यंदा डबा नाही. यायला नकोच होता. पण हा उन्हाळा असा रिकामा जाऊ द्यायचा धीर झाला नाही, आणि गेल्या शुक्रवारी पहाटे मी एकटाच निघालो. सहमच्या बागांत शिड्या लागल्या होत्या, माणसं झाडांवर दोरीने कंबर बांधून घोस उतरवत होती, आणि रस्त्याभर तो ओला गोड वास होता. नवा रस्ता कबरस्तानाला छान वळसा घालून जातो. टेकडीवरच्या थडग्यांना आता तारेचं कुंपण आहे, पाटी आहे, तिच्यावर माहिती आहे.

लोखंडी फाटक ढकलून आत गेलो. झाडाशी खमीस. त्यांच्याशेजारी पहिली कबर, मध्ये तोच दगड, भोकांत लाल रंग अजून तसाच. सईदने तो काढलेला नव्हता. बापाने धाप लागेपर्यंत घासून स्वतःच्या हाताने बसवलेला दगड तो कसा काढणार! मी रांगेने चालत गेलो. दुसरी, तिसरी, चौथी, दोन-दोन दगड. पाचवी वादीकडची. तिच्या मध्यावर एक नवा दगड होता, वादीतून आणलेला, गोल, राखाडी, स्वच्छ. आता रांगेत दोन बाया झाल्या होत्या. त्यांतला एक कुणीतरी बाप किंवा काका आहे आणि त्याची खूण मी कायमची बिघडवली आहे.

मी पाचवीपाशी बसलो. अरबी येत नाही, म्हणून मराठीतच बोललो, काय बोललो ते इथे लिहीत नाही. ऊन वर आलं. टेकायला हात मागे नेला तर भिंतच लागली, सिमेंटची, तापलेली. मी वळून पाहिलं. खमीसच्या बाजूला एका माणसाला जागा द्यावी म्हणून मी इकडून अडीच मीटर कापले होते. आईच्या या बाजूला आता कुणीच कधी झोपू शकणार नाही. मुलगा नाही, नातू नाही, कुणी हाडं हलवायची ठरवली तरी नाही. भिंत नकाशाबरहुकूम होती, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही.

भिंत आणि कबर यांच्या मध्ये मी वीत लावून पाहिली. बसली नाही.